भीती दाखवून विकणं थांबवा

ब्राउझरमध्ये मेल उघडावा, तर कोपऱ्यात अँटिव्हायरसची लाल चौकट उगवते: ‘धोका आढळला!’ कुठल्या फाइलमध्ये आढळला, अडवला की आत शिरला, आता आपण काय करायचं, यातलं अवाक्षरही तिच्यात नसतं. बटण मात्र ठळक: ‘आत्ताच अपग्रेड करा.’ याला मी इशारा म्हणणार नाही. ही धाक घालून केलेली विक्री आहे.

आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर या चौकटींच्या धास्तीने पेन्शनचा मेलसुद्धा उघडत नाहीत. जीमेल जोडलेल्या फाइली स्वतः तपासतं, विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच फुकट मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मेल नुसता वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. उतरवलेली फाइल बेलाशक उघडणं आणि लिंकवरून आलेल्या बँकेच्या खोट्या पानावर पासवर्ड देणं, खरा घात इथे होतो. चौकट हे शिकवत नाही, कारण जाणत्या माणसाला भीती विकता येत नाही.

हा माझा नुसता संशय नव्हे. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी होई. ‘संगणक मंदावलाय का?’ अशा प्रश्नांपैकी एकालाही ग्राहक ‘हो’ म्हणाला, की तपासणीत काहीही निघो, अहवालात मालवेअरची लक्षणं दिसत आणि महागडी दुरुस्ती गळ्यात मारली जाई. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ऑफिस डेपो आणि तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. ट्रॅकिंगपासून वाचवतो म्हणणाऱ्या अवास्त या अँटिव्हायरसवाल्याने ग्राहकांच्या ब्राउझिंगचीच माहिती विकली. २०२४ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले. अनेक अँटिव्हायरस तर आपलं प्रमाणपत्र संगणकात बसवून ब्राउझर आणि वेबसाइटमधली एचटीटीपीएस जोडणी मध्येच उलगडतात. असं करणारी बहुतेक उत्पादनं जोडणीची सुरक्षा उलट कमी करतात, असं २०१७ च्या एका संशोधनात आढळलं.

या गोंगाटाचा फायदा भामटे उठवतात. हुबेहूब तशीच चौकट, खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पण रोज खोट्यानाट्या धोक्यांना सरावलेल्या माणसाने खरं-खोटं ओळखावं कसं? त्याची पारख ज्यांनी बोथट केली, त्यांना फसवणुकीच्या पापातून हात झटकता येणार नाहीत.

आपल्याकडे नियम आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करणं, सतत पिच्छा पुरवणं, जाहिरात दुसऱ्याच रूपात दाखवणं आणि व्हायरसची खोटी भीती घालणं, सगळं त्या यादीत आहे. मग अंमलबजावणी करा! इशाऱ्यात फाइलचं नाव, ठिकाण आणि पुढची कृती मराठीत सक्तीची करा; त्याच चौकटीत विक्रीचं बटण दिसलं, तर दंड ठोका. आणि वाचकहो, अशा चौकटीचा फोटो काढा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आपण गप्प बसतो, म्हणून यांचं फावतं.