मास्तरांच्या हातीं राज्य. पण छडी कोणावर?

"मास्तरानें फळ्यापुढें उभें राहावें, त्याला राजकारण कशाला?" असें गांवचे पुढारी आम्हांस ऐकवितात. आणि निवडणूक आली कीं त्यांच्यांतलाच एखादा "मी तुमचा गुरुजी" म्हणत दारोदार हिंडतो! दोघांनाही आमचें उत्तर एकच: आफ्रिकेंतील टांझानियाच्या ज्यूलियस न्येरेरे यांची हकीकत ऐका. शेतकरी व कारागीर बंधूंनो, तुम्हीही ऐका. कारण मत तुमचें आहे.

न्येरेरे १९२२ सालीं बुटियामा या खेड्यांत जन्मले. बारा वर्षांचे होईपर्यंत शाळा माहीत नव्हती. पुढें मकेरेरे येथें शिक्षकाचें शिक्षण घेतलें, टबोरा येथें मुलें शिकविलीं, एडिंबरोहून १९५२ सालीं पदवी आणली आणि दारेसलामजवळ पुगू येथें पुन्हां खडू हातीं धरला. १९५४ सालीं 'टानू' पक्ष निघाला. पुढच्याच वर्षीं नोकरी कीं चळवळ, असा पेंच पडला. त्यांनीं नोकरी सोडली. १९६१ सालीं देश स्वतंत्र झाला आणि मास्तर राज्यावर आले. तरी लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे मास्तरच, म्हणत राहिले.

हें नांव त्यांनीं फुकट मिळविलें नाहीं. १९६६ सालीं त्यांनीं स्वतःचा पगार एक पंचमांशानें कमी केला. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यांत पुढाऱ्यांना बंधन घातलें: कंपनीचे शेअर नकोत, दोन पगार नकोत, भाड्यानें द्यायला घरें नकोत. आमच्या दारीं येणाऱ्या गुरुजींना एवढे तीनच प्रश्न विचारा, म्हणजे त्यांचे पाय किती पाण्यांत आहेत तें कळेल! त्याच सालीं न्येरेरे यांनीं बजाविलें कीं, मूठभरांना साहेब करणारी आणि बाकीच्यांना शेताची लाज शिकविणारी शाळा आपल्या कामाची नाहीं. लोकांच्या स्वाहिली भाषेचा त्यांना एवढा अभिमान, कीं शेक्सपिअरचीं दोन नाटकें त्यांनीं स्वतः त्या भाषेंत आणलीं.

पण आम्ही भाट नव्हे. १९७३ सालीं याच मास्तरांनीं हुकूम काढला कीं, साऱ्या रयतेनें १९७६ पर्यंत ठरविलेल्या गांवांत राहायला गेलेंच पाहिजे. लाखों कुटुंबें हलविलीं. कित्येक ठिकाणीं झोंपड्या जाळल्या. पिकें बुडालीं, परदेशाहून धान्य आणावें लागलें. दुष्काळ होता, हें खरें. पण जमीन कशी आहे, पाणी कोठें आहे, हें शेतकऱ्याला विचारलें कोणीं? १९६५ पासून कायद्यानें पक्ष एकच. मग "मास्तर, चुकलांत" म्हणणार कोण?

हा दोष आमच्या धंद्याचाच आहे. उत्तर येईना म्हणून आम्हींही वर्गांत छडी उगारली आहे. पोर गप्प झालें, शिकलें मात्र नाहीं. वर्गांत एक पोर बिघडतें. राज्यांत गांवेंच्या गांवें उठतात.

१९८५ सालीं न्येरेरे आपण होऊन अध्यक्षपदावरून उतरले. खुर्चीला चिकटलेल्यांनीं तेवढें तरी शिकावें.

तेव्हां मास्तरांनीं राजकारणांत जरूर जावें. पण बंधूंनो, मत देण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहा: त्यानें स्वतःचें काय सोडलें, आणि तुम्ही त्याला चूक दाखविली तर तो ऐकतो कीं छडी शोधतो. दुसऱ्या परीक्षेंत नापास होणारा पहिलींत पास झाला तरी त्याला वरच्या वर्गांत घालूं नका!