गुलाबी तट्टू आणि राष्ट्राची प्रतिमा

२००८ साली न्यूयॉर्कच्या रोमानियन सांस्कृतिक केंद्रात काही तरुण पथचित्रकारांचे प्रदर्शन भरले. त्यात खेळण्यातले एक गुलाबी तट्टू होते, अंगावर नाझी स्वस्तिक रेखलेले. बुखारेस्टमध्ये गहजब उडाला: सरकारी पैशाने परदेशात देशाची बेअब्रू! प्रकरण सिनेटपर्यंत गेले. (थ्रेड)

परदेशातील सांस्कृतिक संस्था नेमकी कशासाठी असते, हा वाद रोमानियात जुना आहे.

पहिल्या महायुद्धानंतर रोमानियाचा भूप्रदेश जवळजवळ दुप्पट झाला. १९२० च्या कायद्याने रोम येथे व फ्रान्समध्ये दोन विद्यालये स्थापण्याचे ठरले. रोमची धुरा पुरातत्त्वज्ञ वसिले पर्वान यांच्याकडे आली, फ्रान्समधील विद्यालयाची इतिहासकार निकोलाए योर्गा यांच्याकडे. यात राजकारण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. लॅटिन वारसा सांगणाऱ्या राष्ट्राला रोममध्ये घर हवेच होते. पण पद्धत पाहा. तेथे प्रचारक नव्हे, तरुण अभ्यासक पाठवले जात. ते ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत बसत, संशोधन प्रसिद्ध करत. देशाचे नाव त्या कामाच्या मागोमाग येई.

आजची रोमानियन सांस्कृतिक संस्था २००३ ची. २००५ पासून होरिया-रोमान पातापिएविच यांच्या अध्यक्षतेखाली तिने अनुवादांना अर्थसाहाय्य दिले, नवा चित्रपट आणि नवी कला बाहेर नेली. तट्टूचे प्रकरण याच काळातले. संस्था निर्दोष होती असेही नाही: त्याच वर्षी तिच्या बर्लिन केंद्राने चाउशेस्कूकालीन गुप्त पोलिसांच्या दोन माजी खबऱ्यांना निमंत्रण दिले, तेव्हा हेर्टा म्युलर यांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला. मला तो निषेध तट्टूवरील आरडाओरड्याहून कितीतरी रास्त वाटतो.

जून २०१२ मध्ये व्हिक्टर पोंता यांच्या सरकारने तातडीचा अध्यादेश काढून संस्था राष्ट्राध्यक्षांच्या छत्राखालून सिनेटच्या नियंत्रणात नेली. परदेशस्थ रोमानियनांची राष्ट्रीय अस्मिता जपण्यावर भर आला. पातापिएविच यांनी राजीनामा दिला. इटली-स्पेनमध्ये राबणाऱ्या लाखो रोमानियनांच्या मुलांना मातृभाषा शिकवणे निकडीचे आहेच. पण ते काम वेगळे, आणि परक्या वाचकाच्या हाती रोमानियन कादंबरी ठेवणे वेगळे. पहिल्याचे नाव पुढे करून दुसऱ्याला लगाम घालणे, हे मला अप्रामाणिक वाटते.

शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांचेच पाहा. १९३० च्या दशकात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (होय, आपलेच होळकर!) त्यांच्याकडून ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे घेतली आणि त्यांच्यासाठी मंदिर बांधण्याचा बेत केला. ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेले. मंदिर काही झाले नाही. दोन पक्षी आज कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. या ओढीमागे कोणतेही सरकारी केंद्र नव्हते.

पुढे कम्युनिस्ट राजवटीला हीच कला ‘रूपवादी’ म्हणून खुपली. राष्ट्राची प्रतिमा कशी दिसावी, हे तेव्हाही कार्यालयातच ठरत होते. १९५६ मध्ये ब्रांकुशींनी आपला पॅरिसचा संपूर्ण स्टुडिओ मृत्युपत्राने फ्रेंच राज्याला दिला. पुढल्याच वर्षी ते वारले.

आता त्यांचा जन्मदिवस, १९ फेब्रुवारी, रोमानियात कायद्याने ‘ब्रांकुशी दिन’ आहे.