हिशेब मांडणारे हात

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या लालबागमधली ताप्ती मिल ही कापडगिरणी 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली. कामगाराच्या घरी वाण्याची उधारी किती वाढली, मुलीची शाळा सुटली का, मुलगा सुरतेला गेला का, हे जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाही. गरिबीचा हिशेब मांडणारी माणसे मात्र आपल्याकडे पूर्वीपासून आहेत: 1971 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्यात देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता, अभ्यास मात्र देशातल्याच माणसांचा. पुढे जागतिक बँक, ब्रिटन, जर्मनी यांनी धोरणांचा गरिबांवर होणारा परिणाम तपासायला अनेक देशांना मदत दिली. आमचा आग्रह एवढाच: आपापले सल्लागार पाठवण्याऐवजी देणगीदारांनी एकत्र येऊन स्थानिक महाविद्यालयांत अभ्यासक घडवावेत. लालबागच्या गल्ल्यांत मराठी, निमाडी, उर्दू बोलत घरोघरी विचारपूस करू शकणारी मुले बुऱ्हाणपुरातच आहेत.