मण्यार की कवड्या? ओळखीचा घोळ जिवावर बेतणारा

नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे परिचित असलेले उमरठ हे पोलादपूर तालुक्यातील डोंगरकुशीतले गाव. भातखाचरे, पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे उंदीर, बेडूक व पाली यांमुळे अशा गावांत सापांचा वावर नित्याचाच. यांतील बहुसंख्य साप बिनविषारी असतात. तथापि काहींचे विषारी सापांशी इतके साम्य असते, की ओळखण्यात चूक होते. परिणामी निरुपद्रवी साप मारला जातो किंवा विषारी दंशाकडे दुर्लक्ष होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांपैकी सर्वांत घातक घोळ होतो तो मण्यारीबाबत. तिच्या निळसर काळ्या अंगावरील पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात. मानेजवळ ते अस्पष्ट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे याउलट मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिकट होतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, तर डुरक्या घोणस व अजगराच्या पिल्लाच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात. धामण तर फणा नसूनही नाग समजून मारली जाते.

या खुणा दिवसाउजेडी, शांतपणे पाहणाऱ्यासाठी ठीक आहेत. मण्यार मात्र निशाचर आहे आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश होतो. वेदना वा सूज जवळपास नसते. पालींच्या शोधात कवड्याही घरात शिरत असल्याने 'कवड्याच असेल' असा समज सहज होतो. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास बंद पडतो. तोवर पोलादपूर किंवा महाड गाठण्याची वेळ टळून गेलेली असते.

वस्तुतः उपचारासाठी साप समोर असण्याची गरज नसते. लक्षणे आणि काचेच्या नळीत 20 मिनिटांत रक्त गोठते की नाही याची चाचणी, यांवरून डॉक्टर निर्णय घेतात. भारतात उपलब्ध असलेली प्रतिविष लस या चारही सापांच्या विषावर चालते. सह्याद्रीतील चापड्यावर मात्र ती प्रभावी नाही. म्हणून सुरक्षित अंतरावरून छायाचित्र मिळाल्यास ते उपयोगी पडते. साप पकडण्यात वा मारून नेण्यात वेळ जातो आणि दुसऱ्या दंशाचा धोका वाढतो.

ग्रामीण भागात राहूनही असे उपचार शास्त्रशुद्ध रीतीने करता येतात, हे महाडनेच दाखवून दिले आहे. तेथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि सर्पदंशाच्या रुग्णांवरही संशोधन केले. त्यांना 2022 मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली.

एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. हे प्रमाण 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. तो प्रत्यक्षात यायचा तर तालुक्याच्या रुग्णालयात लस आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय रात्रीही हवी. घरोघरी बॅटरी आणि अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. सापांची ओळख जरूर असावी. मात्र दंश झाल्यावर मण्यार की कवड्या, या वादात एक क्षणही घालवू नये.