टेनिसची रूपावली

मूल जिमखान्याच्या टेनिस-वर्गांत जाऊं लागलें, कीं आठ दिवसांतच ‘सामना केव्हां?’ असा प्रश्न घरांत निघतो. परंतु रूपावली पाठ होण्यापूर्वीं आम्ही कोणाच्या हातीं काव्य देत नसूं. टेनिसचेंही तसेंच आहे. ७८ फुटी कोर्टावर डोक्यावरून उसळणारा चेंडू टोलवितां टोलवितां बालकाच्या हातास वांकडें वळण लागतें. यास्तव आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानें २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमींचा पिंवळा चेंडू वर्ज्य केला. आधीं ३६ फुटांवर मंदगति लाल चेंडू, मग ६० फुटांवर नारिंगी, शेवटीं पूर्ण कोर्टावर हिरवा, अशा पायऱ्या आहेत. आपल्या क्लबांत हा क्रम पाळतात काय, एवढें वाचकांनीं वर्गणी भरण्यापूर्वीं अवश्य विचारावें. पडलेलें वळण मोडणें नवें शिकविण्याहून कठीण असतें.