सारसोळ्यात चालायचं कुठून?

डॉक्टर म्हणतात, रोज चाला. घरातली तरुण मंडळीही दादी-नानांना तेच ऐकवतात. सल्ला बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार पासष्टी ओलांडलेल्यांनीही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. पण दादी चालत नाही याचं खापर आपण तिच्या गुडघ्यांवर फोडतो. दाराबाहेरचा रस्ता मात्र कुणी तपासत नाही.

नवी मुंबईतल्या सारसोळ्याचंच बघा. हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे गावाभोवती नेरुळचे सेक्टर उभे राहिले. गावठाणाच्या गल्ल्या अरुंद, त्यातूनच मोटारसायकली जाणार. तरीही म्हाताऱ्या माणसाला गावठाणच जास्त चालतं ठेवतं, असं आमचं मत आहे. चार पावलांवर एखादा ओटा, ओट्यावर ओळखीचं माणूस, वळणावर किराणा. म्हातारी माणसं व्यायाम म्हणून कमी आणि कामासाठी जास्त चालतात: दूध, भाजी, नमाज, नातवाला शाळेतून आणणं. जाण्याचं ठिकाण जवळ असेल आणि वाटेत दोनदा टेकता येत असेल, तर पाय आपोआप निघतात. नुसता रुंद रस्ता असून भागत नाही.

आणि रुंद रस्ता किती महाग पडतो ते पामबीचवर कळतं. गाव या बाजूला, जेट्टी आणि खाडी पलीकडे. मधे सहा पदरी रस्ता. एक पदर साडेतीन मीटरचा धरला तर दुभाजक सोडून 21 मीटर झाले. पायी चालणाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबाने 18 सेकंद पुरतात. काठी टेकत सेकंदाला 0.8 मीटरने निघालेल्या नानांना 26 लागतात. हे आठ सेकंद कुणाच्या हिशेबात आहेत?

फुटपाथचेही नियम आहेत. इंडियन रोड काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंची सांगितली आहे. उंची याहून वाढली की गुडघे दुखणारी बाई सरळ रस्त्यावर उतरते. एकदा पडली की त्या भीतीनेच ती पुढे घराबाहेर पडणं टाळते. शिवाय वाटेत स्वच्छतागृह नसेल तर अनेक वृद्ध स्त्रिया आधीच पाणी पिणं सोडतात. घरात याबद्दल कुणी बोलत नाही.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना फुटपाथ वापरणं हा कलम 21 खालचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. लगेच भाजीवाल्याची गाडी हटवायची घाई नको. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि दादी ज्या भाजीसाठी बाहेर पडते ती त्याच गाडीवर मिळते. फुटपाथवर चढवलेल्या चारचाक्यांचा विषय आधी काढा. त्यातली एखादी आपल्याच घरची निघेल.

म्हणून तरुण वाचकांना एक काम. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत त्यांच्या वेगाने मशीद, दवाखाना किंवा बाजारापर्यंत चाला. मोजपट्टी सोबत ठेवा. फुटपाथ कुठे तुटतो, किती उंच आहे, बाकडं कुठे हवं, सिग्नल किती सेकंदांचा आहे, हे फोटोंसह लिहून महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. जागा कुठली ते दादीला ठरवू द्या, आणि अर्जावर पहिली सहीही तिचीच घ्या.