बीपीची गोळी म्हाताऱ्यांनी बंद केली, की आपण बंद पाडली?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर वाचाच.

बीपीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे, 'म्हातारी माणसं ऐकतच नाहीत हो.' गोळी चुकवतात, लोणचं-पापड सुटत नाही, बरं वाटलं की गोळी बंद. यात खोटं काही नाही. 'बरं वाटतंय, म्हणजे बीपी गेला' ही तर सगळ्यात घातक समजूत. बीपी दुखत नाही, खुपत नाही. गोळी चालू आहे म्हणून तो ताब्यात असतो. गोळी थांबली की गुपचूप परत चढतो आणि कित्येकांना कळतं ते थेट तोंड वाकडं झाल्यावर.

दुसरी चूक तपासणीच्या दिवशीची. 'खरा बीपी कळू दे' म्हणून सकाळची गोळी न घेताच दवाखाना गाठायचा. आकडा वाढलेला दिसतो, डॉक्टर डोस वाढवतात. मग घरी येऊन वाढीव डोस नेमाने सुरू. रात्री लघवीला उठताना डोळ्यापुढे अंधारी, मोरीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो. म्हणून सांगतो, तपासायला जाताना रोजची गोळी घेऊनच जायचं आणि घेतली हे डॉक्टरांना सांगायचं. एकादशीचंही तसंच. घोटभर पाण्याबरोबर बीपीची गोळी घेतल्याने उपास मोडत नाही. (शुगरच्या गोळीचं वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारूनच.)

सैंधव मीठ खाल्लं तर बीपी वाढत नाही, हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान. सैंधव असो की साधं, दोन्हीत सोडियमच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही. आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गोळ्या! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. म्हणजे एका हाताने बीपी उतरवायचा, दुसऱ्या हाताने चढवायचा. दुकानदार विचारत नाही, आजी सांगत नाहीत.

आता माझा मुद्दा. या चुका म्हाताऱ्यांच्या, मान्य. पण गोळीत खंड पडतो त्याचं खापर त्यांच्यावर फोडण्याआधी जरा हिशोब करा. एका वेळी दहाच गोळ्या दिल्या तर वर्षाला छत्तीस खेपा होतात. तीस दिल्या तर बारा. प्रत्येक खेपेला सोबत कोणीतरी लागतं, त्याची मजुरी बुडते. ओपीडी सकाळची. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, चांगलंच आहे. पण वस्तीपासून फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर कोण नेणार? खेप चार दिवस लांबते, गोळीत चार दिवसांचा खंड पडतो आणि आपण म्हणतो, 'रुग्ण नियमित नाही.'

हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही असंही नाही. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याची रीत साधी. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, महिनाभराच्या एकदम द्यायच्या, त्याही घराजवळच्या केंद्रात, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. आशाताई तर घराघरात पोचलेल्या. कागदावर काय कमी आहे सांगा?

कमी पडतं ते शेवटच्या टप्प्यावर. साठा संपतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा माल येतो, गोळीचा रंग बदलतो. ज्यांना 'लाल गोळी सकाळी' एवढंच ठाऊक, ते पांढरी बघून गोंधळतात. मग एकतर दोन्ही घेतात, नाहीतर एकही नाही. पट्टी कापून दिली की नावही गेलं, आणि होतं तेही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. पाकिटावर मराठीत 'बीपी, सकाळी एक' लिहायला कितीसा वेळ लागतो?

मोजण्याचीही तीच तऱ्हा. आजोबा फाट्यावरून धापा टाकत आलेले, लगेच पट्टा गुंडाळायचा, तोही सदऱ्याच्या बाहीवरून. खरं तर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवायचं, उघड्या दंडाला पट्टा बांधायचा. त्यासाठी लागतात दोन खुर्च्या. मशीन घेताना फोटो निघतात, खुर्च्यांचे कोण काढणार म्हणा! गर्दीत सिस्टरना तेवढी फुरसत मिळत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून तर माणूसबळ द्या म्हणतो.

मागणी फार मोठी नाही. महिनाभराच्या गोळ्या एकदम, त्या उपकेंद्रातच, आणि जमलं तर आठवडी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी म्हातारी माणसं तशीही बाहेर पडतात.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराचं झालं की एक प्रश्न विचारा, 'आज आपल्या उपकेंद्रात अॅम्लोडिपिनच्या गोळ्या किती शिल्लक आहेत?' रजिस्टर मागा. आणि घरच्या आजी-आजोबांना दहाच गोळ्या मिळाल्या असतील, तर नाव झाकून पाकिटाचा फोटो मला पाठवा, तारीख दिसू द्या. सगळे एकत्र करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे घेऊन जाणार आहे. ते काय म्हणतात ते इथेच लिहीन.